हंबरता न येणारं जनावर

फुलंब्री,
४ जानेवारी

चि. बंटीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, आणि चार ओळखीची माणसं कान देऊन उभी असताना इग्वाना या विषयावर बोलणं मला जमलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर दोन ओळी वाचून तू अंगठा पाठवला असतास. म्हणून हे टपालाने.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं: शेजारच्या खोलीतला मुलगा नोकरीसाठी परदेशी चाललाय, त्याचा चार वर्षांचा हिरवा इग्वाना तो पेटीसकट फुकट देतोय, तुला तो घ्यायचाय. आणि पुढेमागे तुझी बदली झालीच तर काका जनावरांच्या खात्यात होता, फुलंब्रीला जागा आहे, ऊन आहे, तिथे ठेवू. या शेवटच्या वाक्याने मला या प्रकरणात मत द्यायचा हक्क आपोआप मिळाला, असं मी धरून चाललोय.

दिवाळीनंतर पुण्याला आलो तेव्हा तू मला तो दाखवायला नेलं होतंस. काचेच्या पेटीत आडव्या फांदीवर चारही पाय खाली सोडून तो पसरला होता. शेपूट पेटीत मावत नव्हती, ती कोपऱ्यात वळवून घेतली होती. काचेला आतून पांढरे शिंतोडे उडाले होते आणि तो मुलगा म्हणाला, “याला सारखी सर्दी असते.” ती सर्दी नव्हे रे. या प्राण्याच्या नाकाशी ग्रंथी असतात, अंगातलं जादा मीठ तो शिंकून बाहेर टाकतो आणि ते वाळलं की असं पांढरं दिसतं. निरोगी इग्वानाही तसंच करतो. पण इतकी वर्षं सांभाळणाऱ्याला हे ठाऊक नसावं, याची मला त्या शिंकांपेक्षा जास्त काळजी वाटली.

मग तू वरून हात घातलास आणि तो ताठ झाला, गळ्याखालची कातडी फुगवली, शेपूट आखडून धरली. तुला वाटलं, चिडका आहे. त्याच्या टाळूवर मधोमध एक फिकट खवला आहे, नीट बघ. तो तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. झाडावर राहणाऱ्या या जिवाच्या टाळूवर वरून सावली पडली म्हणजे शिकारी पक्षी आला, एवढंच त्याला माहीत. त्याच्याकडे हात न्यायचा तो समोरून, त्याला दिसेल असा, खालच्या बाजूने.

आता मुख्य गोष्ट. माझी सगळी नोकरी ढोरांत गेली. गाय हंबरते, शेळी ओरडते, कुत्रं कण्हतं. म्हशीने वैरण सोडली की धनी रात्री येऊन दार वाजवतो. नुकतीच व्यालेली संकरित गाय बसून राहिली, मान पोटाकडे वळवली, कान गार पडले, की वडोद बाजारपासून पालपर्यंत कुठल्याही गोठ्यातली बाई सांगते, दुधाचा ताप आहे, कॅल्शियम लावा. बाटली शिरेतून हळूहळू सोडली की बहुतेक वेळा गाय थोड्या वेळात उठून उभी राहते.

पाळीव इग्वानाचं मोठं दुखणंही कॅल्शियमचंच. पण तो बोलत नाही. उन्हातली यूव्हीबी किरणं कातडीवर पडली की ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. किरणं नसली की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढत राहतं. खालचा जबडा मऊ पडतो. मांड्या सुजून जाड होतात, आणि बघणारे म्हणतात, काय धष्टपुष्ट झालाय! पुढे बोटं थरथरायला लागतात. तेव्हा कुठे घरच्यांना कळतं, आणि वाकलेलं हाड कुठल्याही सलाईनने सरळ होत नाही. आजारपण लपवणं हा या जातीचा स्वभावच आहे. जंगलात आजारी दिसणारा आधी खाल्ला जातो.

त्या मुलाने पेटी खिडकीशी ठेवली होती, ऊन मिळतं म्हणून. काचेतून ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. त्यासाठी खास नळी मिळते. ती दिसायला जळत राहते, पण तिच्यातली किरणं सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, म्हणून ती उजेड देत असतानाच बदलायची. त्याने शेवटची कधी बदलली, विचार.

आता फुलंब्रीच्या उन्हाबद्दल. ऊन आहे, फुकट आहे, खरं आहे. पण हा प्राणी मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या दमट जंगलांतला, नदीकाठच्या झाडांवरचा. त्याला ३५ अंशांच्या आसपास तापायला एक जागा हवी, त्याच वेळी अंग निववायला सावली हवी, आणि हवेत ६०-७० टक्के ओल हवी. आमच्या मे महिन्यात पारा ४२ ला टेकतो आणि हवा अशी कोरडी की धुतलेलं धोतर घडीभरात वाळतं. अशा हवेत त्याची कात नीट निघत नाही, बोटांना आणि शेपटीच्या टोकाला आवळून बसते. त्याला फवारे हवेत, डुंबायला टब हवा. टँकरच्या उन्हाळ्यात तुझ्या आजीसमोर मी सरड्यासाठी टब भरताना तू मला डोळ्यांसमोर आण.

आणि हिवाळा? आज सकाळी अंगणात शेकोटी होती. अशा थंडीत त्याला दिव्याची ऊब मिळाली नाही तर पोटातला पालाही पचत नाही, आणि पारा १० च्या खाली गेला की तो हलायचाच थांबतो. २१ जानेवारी २०२० ला मियामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना इशारा दिला होता की आज रात्री झाडांवरून इग्वाना पडतील, ते मेले असं समजू नका. ते मूळचे तिथले नव्हतेच. पाळलेले सुटले, कंटाळून सोडले, त्यांची पैदास झाली. शेवटी २०२१ मध्ये फ्लोरिडाने नवा इग्वाना पाळायलाच बंदी घातली. आमच्याकडे पहाटे वीज गेली की केव्हा येईल हे कोणी सांगत नाही, आणि इन्व्हर्टरवर आधी तुझ्या आजीचा पंखा चालतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र फुलंब्री पुण्याला हरवेल. तो निव्वळ पाला खाणारा. दाराशी शेवगा आहे, जास्वंद आहे, लसूणघास कुणाच्याही शेतावर मिळेल, रेशीमवाल्यांकडे तुतीचा पाला असतो. पालक मात्र रोज देऊ नकोस. त्यातली आम्लं कॅल्शियम बांधून ठेवतात. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं अजिबात नको, मूत्रपिंडं जातात. त्या मुलाच्या फ्रीजमध्ये कोशिंबिरीची काकडी आणि पालकाची जुडी, दोनच गोष्टी होत्या. इथेही एक खोच आहेच: आमच्याकडे कपाशी आणि अद्रक, म्हणजे फवारणी. बांधावरचा कुठला पाला कुठल्या वाऱ्यात भिजलाय याची खात्री मी देऊ शकत नाही. गायीला ज्याचं काही होत नाही, त्याने चार-पाच किलोचा जीव जाऊ शकतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. इग्वाना आपल्याकडचा नाही म्हणून कुणी विचारणार नाही, हा समज आता सोड. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वतःहून नोंद करायला सांगितलं, तेव्हा कागदही मागितले नव्हते. पुढे वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवायला सहा महिन्यांची मुदत होती. हिरवा इग्वाना त्यात येतो. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. त्या मुलाने नोंद केली असेल तर बरं. नसेल तर तो तुला फुकटात प्राणी देत नाहीये, स्वतःची अडचण देतोय. इग्वानाची पिल्लं इथे येतात कशी, तेही ऐक. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने मत्स्यालयातले मासे म्हणून दाखवलेला माल उघडला, त्यात ६६५ प्राणी निघाले. अजगर, कासवं, सरडे, इग्वाना. त्यातले शंभरावर मेलेले होते.

आणि गावात? गावात तो इग्वाना नसेलच. पहिल्या दिवशी सकाळी बोंब होईल की काकाने घोरपड पाळली. घोरपड म्हटलं की निम्म्यांना तानाजी आठवेल आणि निम्म्यांना तिचं तेल. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वनविभागाला फोन जाईल, तो एक वेळ मी निभावेन. पण तो कुंपणावरून पलीकडे उतरला तर लोक त्याला दगड मारणार, हे ठरलेलंच. शिवाय धाकट्याचं पोर आता रांगतंय आणि हा प्राणी फिरेल तिथे साल्मोनेलाचे जंतू सोडत जातो. हात धुवायला मोठ्या माणसांना सांगता येतं, रांगत्या पोराला कसं सांगणार?

तर माझं मत. तू वीतभर पिलू विकत आणणार असतास तर हे पत्र एका ओळीचं झालं असतं. पण हा जन्मलाय, वाढलाय, कुणाच्या तरी पदरात पडणारच आहे, आणि नीट राहिला तर अजून दहा-पंधरा वर्षं जगेल. तुझं लग्न, बदल्या, पोरं, सगळं त्यात आलं. माजावर येईल तेव्हा शेपटीचे फटके आणि चावे आले. तो तुला ओळखेल, तुझ्या हाताला सरावेल. तुझ्यावर माया करेल असं मात्र मनात धरू नकोस.

तुला जमणार नाही असं मी म्हणत नाही. शाळेत होतास तेव्हा आपल्या काळ्या शेळीने रवंथ थांबवलाय हे माझ्या आधी तुझ्या लक्षात आलं होतं. न बोलणाऱ्या जिवासाठी असाच माणूस लागतो. पण तो माणूस रोज त्याच्यासमोर असावा लागतो, आणि तुझी तर एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. घ्यायचा तर तू, स्वतःसाठी घे. फुलंब्री धरून हिशेब करू नकोस; मी नाही म्हणतोय.

आधी त्याची नोंद बघ. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर पुण्यात शोध आणि त्याला इग्वानाचे जबडे, मांड्या दाखवून घे. घरमालकाला विचार, आणि इग्वाना हा शब्द वापरूनच विचार. हे सगळं होऊनही घ्यावासा वाटला तर मला पेटी ठेवायच्या भिंतीचं माप पाठव. सहा फूट उंच, तेवढीच रुंद जाळीची चौकट इथल्या वेल्डिंगवाल्याकडून करून मी टेम्पोने पाठवतो. आणि नोंद नसेल, तर त्या मुलाला विमानात बसायच्या आधी वनविभागाच्या कार्यालयात जायला लाव. तू मध्ये सही करू नकोस.

तुझा,
काका

ता. क. हे पत्र वहिनींना दाखवू नकोस. भिंतीवर पाल दिसली तरी त्या स्वयंपाकघर सोडून बाहेर येतात.