पाहुण्याच्या हाती काम

परमुलखात माणूस आधी भाकरी शोधतो, मग माणसे. औरंगाबाद धर्मप्रांतातील हिंगोली जिल्ह्यात आमची कॅथलिक कुटुंबे मोजकी. वेदीपुढचा प्रत्येक जण ओळखीचा. दुबईच्या सेंट मेरी चर्चमधील गर्दीत मात्र आम्हांस नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. सुट्टी शनिवार-रविवारी झाली ती २०२२ पासून. तोवर रविवार कामाचा, म्हणून भाविक शुक्रवारीच लोटत. मिस्साबलिदान परभाषेत, पण त्याचा क्रम परिचित; तरीही कित्येक महिने आम्ही पाहुणेच राहिलो. एके शुक्रवारी एका मल्याळी भगिनीने गीतपुस्तके वाटण्यासाठी आमच्या हाती दिली. त्या दिवसापासून आम्ही त्या घरचे झालो. आपल्या धर्मग्रामात नव्याने आलेल्यांचे आपण हसतमुखाने स्वागत करतो. त्यांच्या हाती काही काम देतो काय?