नानांचें हंसणें

विनोदी माणसाला आपला विनोद पुरा करावयास चेहऱ्याची केवढी मदत होते, याचा विचार एरवीं कोणी करीत नाहीं. शब्द ओठांबाहेर पडण्यापूर्वींच भुंवई किंचित् वर जाते, डोळ्यांच्या कोपऱ्यांत मिस्किलपणा येऊन उभा राहतो, आणि पुढें काय येणार याची ऐकणाऱ्याला वर्दी मिळते. ही वर्दीच बंद पडली तर मागें राहिलेल्या शब्दांची काय गत होते, तें आमच्या वडिलांच्या शेवटच्या दहा वर्षांत आम्हां भावंडांना पाहावयास मिळालें.

नाना तारखात्यांत होते. त्या काळीं आमच्यासारख्या घरांत तार म्हणजे बहुधा मृत्यूचीच बातमी. तारवाला दारांत दिसला कीं लखोटा फोडण्यापूर्वींच बायका डोळ्यांना पदर लावीत. "आम्ही यमाच्या कचेरींतले कारकून," असें नाना म्हणत. दिवसभर परक्यांचीं मरणें बोटांखालून घालविलेला हा मनुष्य संध्याकाळीं घरीं आला कीं त्याला खेळावांचून दुसरें कांहीं सुचत नसे. पत्त्यांत ते इतकी उघड लबाडी करीत कीं ती पकडण्यांतच आमची सुट्टी संपे. भाजीवालीशीं त्यांची घासाघीस उलटी चाले. ती आठ आणे म्हणाली कीं हे दहा आण्यांवर अडून बसत, आणि शेवटीं तीच गोंधळून सहा आण्यांत जुडी देऊन टाकी. आई रागावली तर तिचा राग ते तारेच्या भाषेंत मोठ्यानें वाचून दाखवीत: "भाजी करपली स्टॉप दोष तुमचा स्टॉप चहा मिळणार नाहीं." चहा अर्थातच मिळे.

त्यांचें बालपण राजापूर तालुक्यांत गेलें. दिवाळी सरली कीं तेथील कुंपणांवर खाजकुइलीच्या वेलींना मखमली शेंगा लोंबूं लागतात. त्या शेंगांवरची लव अंगाला लागली तर माणूस नाचावयास लागतो. ती लव नानांनीं आपल्या मास्तरांच्या खुर्चीवर पसरली होती. ही गोष्ट आम्हीं शेंकडों वेळां ऐकली आणि प्रत्येक खेपेस मास्तर अधिक उंच उडाले.

२००९ सालीं त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप घासूं लागला. जणूं अदृश्य माळच ओढली जात होती. नाना म्हणाले, "जुनी संवय आहे. बोटें तार पाठवीत असतील. पण पत्ता कोणाचा तें मला सांगत नाहींत." डॉक्टरांनीं पार्किन्सनचा आजार असल्याचें सांगितलें. १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानें सहा रुग्णांवरून या व्याधीचें वर्णन लिहिलें, आणि त्यांतले कांहीं तर त्यानें नुसते रस्त्यांत पाहिलेले होते. हें कळल्यावर "फी न देतां अमर झाले बेटे!" एवढाच नानांचा अभिप्राय पडला.

या व्याधींत मेंदूच्या एका लहानशा काळसर भागांतील पेशी मरत जातात. त्या जें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करतात तें कमी पडलें कीं शरीराची हालचाल आंखडूं लागते: अक्षर बारीक होतें, पाऊल तोकडें पडतें, आवाज खोल जातो. त्यावर लेव्होडोपा या औषधाची गोळी देतात. मेंदूंत गेल्यावर तिचें डोपामीन बनतें. गोळी कारखान्यांत तयार होत असली तरी तेंच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतें. आयुर्वेदांत कपिकच्छु म्हणून ती पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या शास्त्रज्ञांनीं तिच्या बियांतून हें द्रव्य वेगळें काढलें. आम्हीं हें नानांना वाचून दाखविलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तरांनीं वसुलीला साठ वर्षें लावलीं, पण सोडलें नाहीं. दिवसांतून चार वेळां!" जेवणांतील प्रथिनांमुळें ही गोळी नीट भिनत नाहीं, म्हणून ती रिकाम्या पोटीं घ्यावी लागे. "गोळी सोंवळ्यांतली आहे, आमटीला शिवत नाहीं," हें नानांचें त्यावरील भाष्य.

पाय उंबऱ्याशीं खिळत, जणूं कोणी जमिनीला चिकटविले आहेत. एके दिवशीं तेथें अडकल्या अडकल्या ते म्हणाले, "नव्या नवरीला माप ठेवतात, मला कां नाहीं?" गंमत अशी कीं उपाय खरोखरच तो होता. समोर ओलांडण्याजोगें कांहीं दिसलें तर असा पाय पुष्कळदां उचलला जातो. आईनें उंबऱ्यापुढें फरशीवर एक पांढरी पट्टी चिकटविली. तिला घरांत अखेरपर्यंत "माप" हेंच नांव होतें.

१४ जुलै २०१३ रोजीं देशांतील तारसेवा बंद झाली. त्या दिवशीं तारघरांत लोकांनीं गर्दी केली, नानांनींहि आम्हांला घेऊन जाण्यास भाग पाडलें आणि स्वतःच्याच पत्त्यावर तार केली: "तार गेली स्टॉप तारमास्तर शिल्लक." खिडकीवरचा मनुष्य हंसला, पण नानांच्या तोंडाकडे पाहतांच ओशाळून गप्प झाला.

कारण एव्हांना चेहरा गेला होता. सर्वांत वाईट तें हेंच. आपण ठरवून हंसतों तें निराळें आणि हंसूं येतें तें निराळें. या व्याधींत न बोलावतां येणारें तें हंसूं चेहऱ्यापर्यंत पोंचेनासें होतें. आंतला मनुष्य मात्र तसाच असतो. भेटावयास आलेले एक आप्त हळू आवाजांत म्हणाले, "नानांना विरक्ति आलेली दिसते." विषय बदलला, चहा आला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग खुर्चींतून पुटपुटल्यासारखें ऐकूं आलें: "विरक्ति नव्हे. स्नायु." पाहुण्यांना कांहींच उमगलें नाहीं. आम्हांला मात्र तेव्हांपासून बोलतांना मध्यें जागा रिकामी ठेवण्याची संवय लागली. कोणी कांहीं म्हणालें कीं आम्ही थांबत असूं. बहुतेक वेळां उत्तर येई. परक्या माणसाला आमचें घर फार मंद वाटत असलें पाहिजे.

नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशीं पहांटे नाना आरशासमोर बसून दोन बोटांनीं आपल्या ओठांचीं टोकें वर उचलतांना दिसले. ओठ उचलले जात, बोटें काढलीं कीं खालीं येत. पुन्हां उचलीत. त्यांनीं आम्हांला आरशांत पाहिलें. त्या वेळीं त्यांनीं विनोद केला नाहीं, आणि आम्हीहि कांहीं बोललों नाहीं.

२०१९ च्या पावसाळ्यांत गिळणें कठीण झालें, घांस श्वासनलिकेंत जाऊं लागला, आणि न्युमोनिया झाला. रुग्णालयांतील नऊ दिवसांत त्यांना बोलतां आलें नाहीं. मन हेलावलें कीं हा कंप वाढतो, एवढें आम्हांला ठाऊक झालें होतें. म्हणून आम्ही त्यांच्या उशाशीं बसून जुन्या गोष्टी एकमेकांना सांगत असूं, आणि तोंडाकडे न पाहतां उजव्या अंगठ्याकडे पाहत असूं. मास्तर उडाले कीं अंगठा भराभर चाले.

दिवस झाल्यावर भिंतीवर लावावयास छायाचित्र हवें होतें. आम्हीं जुन्या पेटींतून एक काढलें. त्यांत नाना हातांत पत्ते घेऊन मोठ्यानें हंसत आहेत आणि एक पान बाहींतून डोकावत आहे. त्याच्या शेजारीं शेवटच्या वर्षींचें एक पडलें होतें, खुर्चींत बसलेलें, ताठ, डोळे समोर. आईनें दोन्ही हातांत घेऊन पाहिलीं आणि शेवटच्या वर्षींचें पुढें केलें. आमच्यापैकीं एकजण म्हणाला, "अग, यांत ते हंसत नाहींत."

"हंसताहेत कीं," आई म्हणाली. "नीट बघा."