छातीतला वॉचमन

बँकेच्या दारात दुनळी बंदूक मांडीवर घेऊन बसलेला वॉचमन तुम्ही पाहिलाच असेल. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत आमच्या वॉचमनने ती एकदाही उडवलेली नाही. (तिच्यात काडतूस आहे का, हे विचारायचं धाडस मॅनेजरसाहेबांनाही होत नाही.) पण तो आहे म्हणून आम्ही निर्धास्तपणे डबे खातो. आता हाच वॉचमन तुमच्या छातीत बसवला आणि दरोड्याचा संशय येताच तो बंदूक आतल्या आत झाडणार असेल, तर डबा कसा जाईल?

आमच्या दाजींना असा बसवलाय. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. नाव आय.सी.डी.

पेसमेकर हा त्याचा थोरला आणि स्वभावाने गरीब भाऊ. हृदय रेंगाळलं की तो हळूच कोपराने ढोसतो. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाला पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पण लार्सनसाहेब असे चिवट, की पुढे एकामागून एक सव्वीस यंत्रं वापरून, यंत्र बनवणारा इंजिनियर आणि बसवणारा सर्जन या दोघांनाही मागे टाकून २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले. धाकटा भाऊ, म्हणजे आय.सी.डी., आला १९८० साली अमेरिकेत, बाल्टिमोरला. हा ढोसत बसत नाही. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की सरळ विजेचा झटका. घोड्याने छातीत लाथ मारल्यासारखं वाटतं म्हणतात.

दाजींना ही लाथ मंडईत बसली, मेथीची जुडी हातात असताना. डॉक्टरांनी अभिनंदन केलं : "यंत्र नसतं तर तुम्ही आज नसता!" ताईने सत्यनारायण घातला. सगळे खूश, दाजी सोडून.

मंडईत झालं म्हणून त्यांनी मंडई बंद केली. मेथी होती म्हणून मेथी बंद. मग जिना बंद, कॅरम बंद. शेवटी हसणंही बंद. "ठोके वाढतात रे." माझ्या विनोदांना न हसणारे नातेवाईक पुष्कळ आहेत, पण वैद्यकीय कारणाने न हसणारे हे पहिलेच.

एका रात्री दाजी ओरडत उठले, "बसला!" सकाळी दवाखान्यात नेलं. तिथे छातीवर एक चकती ठेवतात आणि आतल्या यंत्राचा सगळा हिशेब पडद्यावर येतो, थेट आमच्या पासबुकाच्या मशीनसारखा. रात्रीची नोंद शून्य. आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी शपथेवर सांगतं, "माझ्या खात्यातनं पैसे गेलेत," आणि पासबुकात एंट्री नसते. पण डॉक्टर काही आमच्यासारखे वसकले नाहीत. म्हणाले, "असे भासाचे शॉक बऱ्याच जणांना बसतात. वेड नाही हे, भीती आहे. असं यंत्र असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला चिंता किंवा नैराश्य गाठतंच." आणि त्यांनी दाजींना मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर पाठवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही, पण हा दुसरा काउंटर उघडा होता, ही विशेष गोष्ट.

त्या संध्याकाळी गॅलरीत दाजी म्हणाले, "मरणाची भीती नाही रे. मरण एकदा येतं आणि जातं. ह्याची मी चोवीस तास वाट बघतोय." मला एकही विनोद सुचला नाही.

आतून ताई ऐकत होती. तिचं निराळंच. आपला हात लागला नि त्याच वेळी शॉक आला तर, या धास्तीने ती चार महिने पलंगाच्या पार कडेला झोपत होती. कुणाला बोलली नव्हती. स्पर्श करणाऱ्याला फार तर मुंग्या येतील, अपाय काही होत नाही, हे मनाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर ती तिथेच रडली. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटत होतं, आपल्या घोरण्यामुळे.

मग औषधापेक्षा गृहपाठच जास्त. पहिला आठवडा कोपऱ्यापर्यंत चालणं, दुसरा मंडईच्या फाटकापर्यंत. गेल्यावर काय वाटलं ते वहीत लिहायचं. शॉक बसलाच तर काय करायचं तेही कागदावर : एक बसला आणि बरं वाटतंय, तर डॉक्टरांना फोन, लागोपाठ बसले किंवा बरं वाटत नाही, तर तडक हॉस्पिटल. तो कागद ताईने फ्रीजवर चिकटवलाय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. भीती अजून आहेच. रात्री कधीमधी उठतात, छातीला हात लावतात, पाणी पितात.

गेल्या रविवारी मात्र दाजी मंडईत आतपर्यंत गेले आणि मेथीची जुडी घेऊन आले. घामाघूम झाले होते. ताईने जुडी उलटीपालटी केली.

"केवढ्याला दिली?"

"तीस."

"तीस! आणि ही पिवळी पानं? तुम्हाला बघून गळ्यात मारलीन्. उद्या परत जा आणि त्याला दाखवा."

"उद्या?" दाजी म्हणाले. "आत्ताच जातो की!"