सपाट बर्फावर जाण्याआधी

गुलमर्गला क्रॉस कंट्री स्कीइंग शिकायला जायचं ठरलं, तेव्हा बर्फाबद्दल कुणाला विचारावं हेच कळेना. केज तालुक्यातल्या शाळेत मी गणित शिकवते. वडील कापूस लावतात. आमच्या नात्यागोत्यात बर्फावर पाऊल ठेवलेला माणूस एकच, सैन्यात असलेला मावसभाऊ. धीर आला तो कोडगूच्या भवानी थेक्कडाबद्दल वाचून. कर्नाटकातल्या कॉफीच्या मुलखातली ही मुलगी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत याच खेळाची सुवर्णपदकं जिंकते. मग मराठवाड्यातल्या बाईनं निदान उभं राहून बघायला काय हरकत आहे?

या खेळात केबल कारनं वर जाऊन सुसाट खाली यायचं नसतं. स्की अरुंद आणि हलकी असते. बुटाचं फक्त टोक तिला जोडलेलं, टाच मोकळी. दोन काठ्या रेटत आपल्याच पायांनी अंतर कापायचं. उतार लागला की मात्र ही स्की आवरणं अवघड, त्यामुळे आधी वाट निवडायला शिकावं लागतं.

भावानं फोनवर पहिलीच गोष्ट सांगितली, ती नकाशाची. “ताई, आधी आपल्याच डोंगराचा नकाशा वाच. तो कळला तर तिथला कळेल.” मी भारतीय सर्वेक्षण विभागाचा मांजरसुंबा परिसराचा नकाशा मिळवला. प्रमाण १:५०,०००, दोन समोच्चरेषांमधली उंची २० मीटर. हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, हे वाचलेलं होतं. मग हिशेब मांडला. १०० मीटर चढाला नकाशावर साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी जागा मिळत असेल, तर उतार साधारण ३० अंश किंवा त्याहून जास्त. पट्टी घेऊन कपिलधारची दरी मोजली आणि नंतर प्रत्यक्ष जाऊन फोनवरच्या कोनमापकानं पडताळली. बालाघाटाच्या ज्या कड्यांकडे लहानपणापासून नुसतं बघत होते, ते आकड्यांत दिसू लागले.

या शिदोरीवर मी गुलमर्गचा बेत आखला. तिथल्या गोल्फच्या मैदानावर या खेळाच्या स्पर्धा होतात, तिथं सराव करायचा आणि मग खिलनमर्गपर्यंत जायचं. अफरवाट डोंगराच्या पायाशी पसरलेलं हे कुरण. नकाशावर रेषा विरळ, म्हणजे उतार कमी. सगळं जुळत होतं.

तिथल्या प्रशिक्षकांनी मात्र बेत ऐकून नकारार्थी मान हलवली. हिंदीत एवढंच विचारलं, “दीदी, तुमच्या पायाखालचा उतार पाहिलात. डोक्यावरचा पाहिलात का?”

मी पार गोंधळले. सपाट जागेत धोका कसला? त्यांनी अफरवाटकडे हात केला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, आधीचे काही दिवस जोरदार हिमवृष्टी झालेली असताना, खिलनमर्ग भागात हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटवरच दोन पोलिश स्कीपटू दगावले होते. उभ्या उतारावरून सुटलेलं बर्फ उतार संपला म्हणून जागीच थांबत नाही, सपाटीवरही दूरवर पसरतं.

तेव्हा मला सौताडा आठवलं. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी कड्यावरून दरीत कोसळते, आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. पावसाळ्यात दरीत लख्ख ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस झाला की लोंढा खाली येतो. म्हणून जाणती माणसं खाली उतरण्याआधी वरच्या गावात पावसाची चौकशी करतात. ही चौकशी मला माहीत होती, पण बर्फालाही ती लागू पडेल असं मनात आलं नव्हतं.

मग बेत नव्यानं मांडला. खिलनमर्ग वगळलं. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना हिमस्खलनाचे इशारे देते. जिल्हा कोणता, किती उंचीच्या वर आणि धोका किती, हे त्यात असतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, म्हणून सकाळी आधी तो इशारा बघायचा. नवं बर्फ पडलं असेल तर निदान एक-दोन दिवस उभ्या उतारांच्या खालीसुद्धा फिरकायचं नाही. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी राहतो. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवायची, आणि कुठे जातोय, कधी येणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवायचं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. आपल्या भागातून थेट तिथं पोचल्यावर धाप लागते, म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा.

सर्वात जड गेलं ते सुती कपडे काढून ठेवणं. आमचं घर कापसावर उभं आहे, आणि प्रशिक्षक म्हणाले, अंगाला सूत नको. घामानं ओलं झालेलं सूत लवकर वाळत नाही आणि थांबलं की अंग गारठवतं. आत लोकरीचा थर चढवला, तेव्हा कुठे मैदानावर उभी राहिले. पहिली काही पावलं नीट सरकली. बर्फ इतकं पांढरं होतं की समोर चढ आहे की उतार, हे डोळ्यांना समजेना, पायांनाच आधी कळत होतं. त्या मैदानाबाहेर मी गेले नाही, आणि शिकायला तेवढं मैदान भरपूर होतं.

बीड, धाराशिव, लातूरकडून कुणी जाणार असाल तर पोस्टपेड सिम घेऊन जा. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत, आणि अडचणीत फोन लागायला हवा. तिथं पोचल्यावर स्थानिक माणसाला सोबत घ्या, आणि कुठल्याही वाटेवर पाऊल टाकण्याआधी त्याला विचारा: या जागेच्या वर काय आहे?