आठ दिवसांची कोंडी

कोंडणं या शब्दाशी माझं जुनं वैर. तीस वर्षं सरकारी कचेरीत ट्यूबलाइटखाली काढली. शेजारी खिडकी होती, पण तिच्यासमोर फायलींचं कपाट. त्यामुळे निवृत्तीनंतर परसात कोंबड्या पाळायचं ठरलं, तेव्हा मी घरात सगळ्यात आधी जाहीर करून टाकलं की आपल्या कोंबड्या मोकळ्या राहतील. पिंजऱ्यांविरुद्ध मी शेजाऱ्यांना भाषणंही दिली. तीच भाषणं आज मागे घेतोय.

डिसेंबरअखेर अकरा पिल्लं आणली, कडकनाथ. झाबुआच्या भिल्ल-भिलाल्यांनी सांभाळलेली ही जात. पिसं, कातडी, मांस, हाडं सगळं काळं, म्हणून तिकडे तिला कालीमासी म्हणतात. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या ग्वाल्हेरातही तिची चर्चा असते. इथली जानेवारीची थंडी म्हणजे काही रात्री पारा चार-पाच अंशांवर आणि सकाळी दहापर्यंत धुकं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मी मधल्या खोलीत खोकं ठेवलं, वर बल्ब टांगला आणि दर रविवारी दोरी थोडी वर ओढत गेलो. रानीखेतची लस डोळ्यात थेंब टाकून दिली. सहा आठवड्यांत अंगभर पिसं आली. एकही पिल्लू दगावलं नाही, आणि मला वाटायला लागलं की हे शास्त्र आपल्याला जमलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर सुताराकडून खुराडं करून घेतलं. उतरतं पत्र्याचं छप्पर, आत बसायला दोन इंची पट्ट्या, वाऱ्याला वरून झरोका. सकाळी पिल्लं परसात सोडली आणि खुराड्याचं दार सताड उघडं ठेवलं. हे तुमचं घर, वाटलं तर जा. माझ्या उदारपणावर मी इतका खूश होतो की दुपारी झोपही छान लागली.

दिवस मावळला आणि अकराच्या अकरा जणांनी खुराड्याकडे पाठ फिरवली. सगळी मधल्या खोलीच्या मागच्या दाराशी येऊन उंबऱ्याला बिलगली. मी हुसकलं तर तीन पेरूवर चढली, बाकीची पांगली. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. जिथे असेल तिथे ती खिळून बसते. आणि माझी पाखरं काळी! टॉर्च घेऊन पेरूच्या काळ्या फांदीवर काळी कोंबडी शोधणं कुणी करून बघावं. दहा सापडली. अकरावं सकाळी मोरीजवळ सापडलं. म्हणजे त्याची पिसं.

चार दिवस मी मुंगसाला शिव्या घालत होतो. खुराड्याची षट्कोनी जाळी काढून अर्ध्या इंचाची जोडजाळी लावली, ती वीतभर जमिनीत पुरली. काकू ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्या साताऱ्याकडच्या खेड्यातल्या, माहेरी कोंबड्यांत वाढलेल्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या.

"मुंगसाचं काय चुकलं रे? रात्री बाहेर कुणी ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "काकू, रानकोंबडा झाडावरच झोपतो. तो त्यांचा स्वभाव आहे."

"मग तू झाडाखाली बस रात्रभर." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आठ दिवस कोंड त्यांना. कोंबडीला घर दाखवून कळत नाही. तिथं तिची रात्र जावी लागते."

मला हे पटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. दुसरा उपाय नव्हता म्हणून केलं. खोक्यातला जुना तूस थोडा खुराड्यात पसरला, पाण्याचं भांडं तेच ठेवलं. रात्री, झोपेत असताना, एकेकाला उचलून पट्टीवर बसवलं. उत्तरेच्या बाजूला गोणपाट. दार बंद.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जो कालवा केला, तो ऐकून मी दोनदा कडीला हात लावला. दोन्ही वेळा काकू स्टूल टाकून दारासमोर बसलेल्या. संध्याकाळी सगळी पट्ट्या सोडून एका कोपऱ्यात ढीग करून झोपायची. तसं झोपलं की खालची गुदमरतात, म्हणून पुन्हा एकेकाला उचलून वर. तीन संध्याकाळी हा उद्योग. चौथ्या दिवशी सहा जणी आपणहून चढल्या.

त्या आठ दिवसांत दाराबाहेर बसून मला माझंच एक गुपित कळलं. मोकळीक या शब्दाआड माझा आळस होता. दार उघडं टाकलं की रोज संध्याकाळी मोजायला नको, उचलायला नको, कुणाचं ओरडणं ऐकायला नको, वर दयाळूपणाही आपल्या नावावर.

आम्ही राहतो ती शिंदे की छावणी. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याखाली लष्कराचा तळ टाकला. तळच तो, आज ना उद्या उठायचा. उठला नाही, त्याचंच लष्कर नावाचं शहर झालं. काकूंना मी एकदा विचारलं, तुम्हाला इथं किती दिवसांनी घर वाटलं? म्हणाल्या, "मला आठ दिवसांत नाही वाटलं बाबा. मी काही कोंबडी नव्हते." आणि हसत आत गेल्या.

नवव्या दिवशी, सूर्य मावळायला तासभर असताना, दार उघडलं. दुपारचा दाणा मुद्दाम कमी टाकलेला, म्हणजे लांब जाणार नाहीत. बिचकत बाहेर आली, माती उकरली, मातीत लोळली. ऊन उतरलं तसा मी बाजरीचा डबा वाजवला. त्याची गरजही नव्हती. एकामागून एक फळीवरून चढून आत गेली, पट्टीवरच्या जागेसाठी भांडली आणि गप्प झाली.

नऊच. दहावी तलंग त्या दिवशीही पेरूवर गेली, अजूनही जाते. रोज अंधार पडला की मी तिला खाली उतरवतो. ती डोळे मिटून, काही न बोलता, काखेत बसून खुराड्यापर्यंत येते. काकू म्हणतात, तिला चालायचा कंटाळा आहे, ती तुझ्यावर गेलीय.