पाहुण्याच्या पावलांनी

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. आणि लग्नाची हौस ही तर साऱ्या हौसांत थोर! पूर्वी मांडवाच्या दारी आप्तेष्टांना ओळीने बसवून एक छायाचित्र काढले जाई, आणि ते चौकटीत जडवून पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राही. आता काही सधन कुटुंबे लग्नासाठी थेट आफ्रिकेतील केनिया व टांझानिया या देशांच्या रानात जातात. उंच पिवळे गवत, छत्रीसारख्या बाभळी, दूरवर चरणारे कळप आणि मध्ये शुभ्र पोशाखातील वधू! असली चित्रे पाहून आमच्या मुलामुलींचे मन मोहून गेले, तर त्यात नवल ते काय? परंतु मनोहर प्रकाश, मोकळे रान, एवढेच नव्हे तर आफ्रिकेची आठवणसुद्धा आपल्या शेजारच्या बीदर-कलबुर्गी भागात आहे, हे किती जणांस ठाऊक असेल?

उदगीरहून आगगाडी भालकी ओलांडून बीदरला जाते. वाटेत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा कानी पडतात. बीदर वसले आहे ते जांभ्या दगडाच्या पठारावर. म्हणून माती तांबडी आणि किल्ल्याचा तटही तांबडा. शहराच्या पश्चिमेस बरीदशाही सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांपैकी अली बरीदची कबर चारही बाजूंनी कमानींनी उघडी असल्यामुळे आत दिवसभर मऊ उजेड खेळत असतो. पूर्वेस अष्टूर येथे बहमनी सुलतानांचे घुमट रांगेने उभे आहेत. १४३६ साली निवर्तलेल्या अहमदशहा वली याच्या घुमटातील रंगीत नक्षी पाहतच राहावी अशी आहे. त्याच्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघेही श्रद्धेने जमतात. अशा स्थळी वधूवरांची छायाचित्रे काढावयाची, तर प्रथम हे ध्यानात ठेवावयास हवे की, ही कोणाची तरी चिरविश्रांतीची जागा आहे. आपल्या स्मशानभूमीत कोणी खिदळत आलेले आपणांस रुचेल काय?

शहराजवळच हबशी कोट नावाची टेकडी आहे. बहमनी राज्याच्या सेवेत हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आलेले सैनिक व सरदार होते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या कबरी या टेकडीवर आहेत. आफ्रिकेची माणसे समुद्र ओलांडून इकडे आली, तशी आपली माणसेही तिकडे गेली. एकोणिसाव्या शतकात गोमंतकातील ए. सी. गोम्स यांनी झांझिबार बेटावर छायाचित्रांचा व्यवसाय थाटला होता.

रानच पाहावयाचे असेल, तर कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीस जावे. तेथील सुमारे १३५ चौरस किलोमीटर वनास २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा, तर परवाना लागतो. बीदरच्या माळरानावर काळविटेही दिसतात. त्याच कायद्याने त्यांस पूर्ण संरक्षण दिले आहे. चित्र उठावदार यावे म्हणून कळपामागे गाडी पिटाळणे हा केवळ असभ्यपणा नव्हे, तर गुन्हा होय. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांतही ठरावीक जागा सोडून गाडीतून खाली उतरता येत नाही. प्राचीन वास्तूंसही असेच संरक्षण आहे. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून स्वागतसमारंभ वा मेजवानी करण्यास १९५९ च्या नियमांनी मनाई आहे.

आणि खरी कला घाईने साधते थोडीच? १८८० नंतरच्या दशकात लाला दीनदयाळ यांनी बीदर येथील महमूद गावानच्या मदरशाची छायाचित्रे घेतली. अवजड कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या वागवीत, योग्य प्रकाशाची वाट पाहत त्या काळी काम करावे लागे. आजचा यंत्रधारी क्षणात शंभर चित्रे टिपतो. परंतु तांबड्या दगडापुढचे पांढरे वस्त्र भर दुपारी टिपले, तर त्याची किनार नि जर पार हरवून जाते. सकाळची वा सायंकाळची तिरपी उन्हे येईतो त्यालाही थांबावेच लागते.

आता राहिली लग्नाची गोष्ट. कॅथोलिक विवाह सामान्यतः धर्मग्रामाच्या चर्चमध्येच व्हावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. दुसऱ्या चर्चसाठी धर्मगुरूंची परवानगी लागते. चर्चबाहेरील योग्य ठिकाणासाठी महागुरूंची. या नियमात मोठे शहाणपण आहे. ज्या लोकांत वधूवर वाढले, त्यांच्या देखतच त्यांनी शब्द द्यावा, हे उचित नव्हे काय? दूरच्या रानात आजीला नेता येत नाही. आणि शेजारच्या गरीब काकांना तर बोलावणेही जात नाही. तेव्हा लग्न आपल्या वेदीपुढे, आपल्या माणसांत व्हावे. मग हौस म्हणून नवदांपत्याने एखाद्या सकाळी बीदरला अवश्य जावे, परवानगी काढावी आणि पाहुण्याच्या पावलांनी वावरावे. पुढे नातवंडे ते छायाचित्र पाहतील, तेव्हा घुमट कोणाचा हे ती विचारतील. पण त्याआधी मांडवातल्या चित्रातील म्हातारी कोण, हे विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे, एवढी तजवीज आजच करून ठेवलेली बरी.