ने

लेकीची कोरियन मालिका चालू होती आणि आत्या शेजारी लसूण सोलत बसली होती. चष्मा आतल्या खोलीत, त्यामुळे पडद्याखालच्या ओळी तिच्यासाठी नव्हत्याच. ऑफिसातला एक कोवळा पोरगा साहेबापुढे कमरेत वाकून दर वाक्याला ‘ने’ म्हणत होता. आत्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साहेबाला ‘ने’ म्हणतात होय? ‘न्या’ म्हणावं. आणि तो मेला काही उचलतही नाही.”

कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे हो, असं लेकीने सांगून पाहिलं. पण आत्याला मधूनच ‘दे’ ऐकू आलं होतं, आणि तिच्या कानाची चूक नव्हती. शब्दाच्या सुरुवातीचा ‘न’ कोरियन माणूस नाकातून इतका कमी काढतो, की परक्याला तो ‘द’ वाटतो. “एकदा ने, एकदा दे. ठरव की बाबा,” म्हणून ती लसणीकडे वळली.

मी मात्र अडकलो. ग्रीकमध्येही ‘ने’ म्हणजे हो. (नाही म्हणजे ‘ओही’. त्या ‘ओही’चा तिथे दर २८ ऑक्टोबरला राष्ट्रीय सण असतो, १९४० साली त्या दिवशी ग्रीसने मुसोलिनीचा निर्वाणीचा खलिता धुडकावला. नकाराची सुट्टी देणारा देश मला आवडतो.) शेजारच्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही, आणि ते म्हणताना मान आपल्या होकारासारखी वरखाली हलते. दोघांच्या सीमांना खेटून तुर्कस्तानचं एदिर्ने शहर आहे. तुर्कीत ‘ने’ म्हणजे काय. प्रश्न नाही विचारत, अर्थ सांगतोय. सोयरीक जमवायला जाऊ नये असा हा कोपरा.

मला ‘ने’ कळला तो आत्याच्या कोकणातल्या ओटीवर. सुट्टी संपायची, संध्याकाळची एसटी गाठायची असायची, आणि पिशवीत एकेक गोष्ट उतरू लागायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेली आमसुलं. कुळथाचं पीठ. फणसाची साठं, सोललेले दोन नारळ, शेंड्या राखून. प्रत्येक वस्तूबरोबर एकच अक्षर: ने. मी ‘नको’ म्हणायचो. ते तिच्या लेखी पाहुण्याने म्हणायचंच असतं. चेन लागेनाशी झाली की ती पिशवी गुडघ्याने दाबून धरायची आणि मी ओढायचो. सगळ्यात शेवटी यायचा स्टीलचा डबा, साडीच्या जुन्या काठाने घट्ट बांधलेला. आत काय ते एसटी सुटल्यावर बघायचं. झाकणावर ‘यांजकडून सप्रेम भेट’ एवढंच वाचता यायचं. कुणाकडून, ते राखेने घासून घासून गेलेलं. “डबा तेवढा परत आण हो,” एवढं मात्र ती गाडीच्या खिडकीपर्यंत येऊन सांगायची.

हल्ली सगळे ‘घेऊन जा’ म्हणतात. सभ्य आहे, पण त्याला नाही म्हणता येतं.

शाळेत तृतीयेचे प्रत्यय घोकताना, ‘ने ए शी, नी शी ई ही’, एक सवलत कधी ध्यानात आली नव्हती. ‘त्याने डबा नेला’, ‘तिने डबा नेला’, पण ‘मी डबा नेला’. जगाला चिकटणारा ‘ने’ मला आणि तुला चिकटत नाही. तो डबा अजून आमच्याच फडताळात आहे. त्यात रवा असतो. आत्या इथे राहायला आल्यापासून तिने तो दोनदा हातात घेऊन पाहिलाय, बोलली काही नाही.

लसूण सोलून झाली. मालिकेत पाऊस सुरू झाला होता, म्हणजे आता कुणीतरी छत्री धरणार.

“ही वाटी आत ने गं,” आत्या म्हणाली.

“ने,” लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, आणि जागची हलली नाही.